इंग्रजी वाक्प्रचार कसे ओळखावेत, समजून घ्यावेत आणि वापरावेत

मराठी माध्यमातून शिकून पुण्या-मुंबईतल्या एखाद्या कंपनीत रुजू होणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी येत नाही असे नसते. त्यांना पाठ्यपुस्तक वाचता येते, अर्ज लिहिता येतो, मुलाखतही देता येते. तरीही पहिल्याच बैठकीत कोणीतरी 'लेट्स प्ले इट बाय इअर' असे म्हणते, आणि खेळणे व कान हे दोन्ही शब्द चांगले ओळखीचे असूनही वाक्याचा अर्थ हाती लागत नाही. आजूबाजूचे सगळे माना डोलावतात, म्हणून आपणही डोलावतो आणि बैठक पुढे सरकते. बोलणाऱ्याचे म्हणणे एवढेच असते, की आधीपासून काही ठरवून न ठेवता जशी परिस्थिती येईल तसे पाहू. हा वाक्प्रचार संगीतातून आला आहे. समोर स्वरलिपी न ठेवता, केवळ कानाच्या भरवशावर वाजवणे हा त्याचा मूळ अर्थ आहे. तो एकदा कळला, की पुन्हा विसरला जात नाही.

हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. शेकडो वाक्प्रचारांची अर्थासह यादी कोठेही मिळते आणि ती पाठ करून फारसे काही साधत नाही, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. वाक्प्रचार कळणे ही कामाच्या ठिकाणची गरज आहे, तर तो स्वतः वापरणे ही निवड आहे. गरज आधी भागवावी, निवडीला पुढे पुष्कळ वेळ मिळतो. म्हणून पुढच्या पायऱ्याही त्याच क्रमाने दिल्या आहेत. या लेखातील इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले आहेत, कारण वाक्प्रचाराची पहिली भेट बहुधा कानांशी होते.

पहिली पायरी: समोर आलेला वाक्प्रचार ओळखणे

शब्द समजले पण वाक्य बसत नाही, असे वाटले की थांबावे. आपल्या भाषेत 'नाकी नऊ आले' असे म्हणताना कोणी नाक मोजत नाही आणि नवाऐवजी आठही चालत नाहीत. वाक्प्रचाराची ही दोन्ही लक्षणे इंग्रजीतही तशीच आहेत: शब्दशः अर्थ लावला तर तो विसंगत ठरतो आणि एखादा शब्द बदलला तर सगळी मोट सुटते. 'किक द बकेट' म्हणजे मरणे. त्यातल्या बकेटऐवजी त्याच अर्थाचा 'पेल' हा शब्द घातला, तर उरते फक्त बादलीला मारलेली लाथ.

अर्थात, विसंगती डोळ्यांत भरते असे वाक्प्रचार त्यामानाने निरुपद्रवी असतात, कारण आपल्याला समजले नाही हे निदान समजते. खरा धोका शब्दशः अर्थ लावूनही वाक्य सुसंगत वाटते अशा वाक्प्रचारांचा असतो. 'दे कट कॉर्नर्स ऑन दिस प्रोजेक्ट' हे वाक्य ऐकून आपल्याकडच्या अनेकांना वाटते की त्या लोकांनी काटकसर केली, म्हणजे ही स्तुतीच झाली. प्रत्यक्षात तो आरोप असतो. वेळ किंवा पैसा वाचवण्यासाठी जे करायलाच हवे होते ते त्यांनी टाळले आणि काम कच्चे ठेवले, असा त्याचा अर्थ होतो. त्याचप्रमाणे 'बेअर विथ मी' हे शब्द दूरध्वनीवर ऐकू आले, तर बोलणारी व्यक्ती थोडा वेळ धीर धरण्याची विनंती करत असते, आणि 'आय विल गिव्ह यू अ हेड्स अप' असे म्हटले, तर ती आपल्याला आगाऊ कल्पना देणार असते.

वाक्प्रचार आणि म्हण यांतला फरक शाळेत शिकवलेला असतोच. म्हण स्वतःच्या पायावर पूर्ण उभी असते, तर वाक्प्रचार दुसऱ्याच्या वाक्यात क्रियापदाचे किंवा विशेषणाचे काम करतो. रोजच्या कार्यालयीन बोलण्यात म्हणी क्वचित येतात, वाक्प्रचार मात्र पावलोपावली भेटतात, त्यामुळे नवख्याने आपला वेळ म्हणींवर खर्च करू नये.

दुसरी पायरी: मराठीच्या ठेवीशी ताडून पाहणे

आपल्यापाशी वाक्प्रचारांची मोठी श्रीमंती आहे आणि इंग्रजी शिकताना ती कामी येते. एका दगडात दोन पक्षी मारणे, आगीत तेल ओतणे, पाठीत खंजीर खुपसणे, जखमेवर मीठ चोळणे यांची इंग्रजी रूपे जवळजवळ शब्दाला शब्द जुळणारी आहेत. लालफीत, पांढरा हत्ती, हिमनगाचे टोक, बळीचा बकरा यांचेही तसेच आहे. यांतल्या काही प्रतिमा इंग्रजीतून मराठीत आल्या, काही दोन्हीकडे स्वतंत्रपणे रुजल्या. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मुद्दा एवढाच, की इथे कष्ट नाहीत.

दुसरा गट प्रतिमा वेगळी पण भाव तोच अशा जोड्यांचा आहे, आणि तो मला सर्वांत आवडतो. क्वचित घडणाऱ्या गोष्टीसाठी इंग्रज 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणतो आणि आपण कपिलाषष्ठीचा योग म्हणतो. दोघेही आकाशाकडेच पाहतात. 'आउट ऑफ द फ्राइंग पॅन इन्टू द फायर' म्हणजे आगीतून फुफाट्यात, 'मेकिंग अ माउंटन आउट ऑफ अ मोलहिल' म्हणजे राईचा पर्वत, आणि 'अ पीस ऑफ केक' म्हणजे डाव्या हातचा मळ. महत्त्वाच्या सादरीकरणाआधी इंग्रजाच्या पोटात फुलपाखरे फडफडतात, तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो. अशी जोडी स्वतः शोधून काढली, तर इंग्रजी वाक्प्रचार मराठीच्या खुंटीला टांगला जातो आणि पाठांतराची गरज उरत नाही.

तिसरा गट फसव्या सारखेपणाचा आहे, आणि तिथे फार जपावे लागते. माझ्या पहिल्या नोकरीत एका इंग्रज वरिष्ठांनी माझ्या अहवालाबद्दल काहीतरी म्हटले आणि माझा पडलेला चेहरा पाहून लगेच 'आय अॅम ओन्ली पुलिंग युअर लेग' अशी पुस्ती जोडली. मराठीत पाय ओढणे म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणे. हे गृहस्थ माझी वाट अडवत आहेत आणि वर तोंडावर तशी कबुलीही देत आहेत, असा समज करून घेऊन मी दोन दिवस अस्वस्थ होतो. इंग्रजीत 'पुलिंग समवन्स लेग' म्हणजे गंमत करणे, फिरकी घेणे. त्यांना केवळ माझा ताण हलका करायचा होता.

हात वर करणे याचीही अशीच गत आहे. 'ऐन वेळी त्याने हात वर केले' असे मराठीत म्हटले, की त्याने जबाबदारी झटकली किंवा असमर्थता दाखवली असे आपण समजतो. इंग्लंडमध्ये 'शी पुट हर हँड अप फॉर इट' याचा अर्थ ती आपण होऊन पुढे आली असा होतो, तर 'पुट हर हँड अप टू इट' म्हटले की तिने चूक कबूल केली असा होतो. दोन्ही अर्थ आपल्या अर्थाच्या बरोबर उलट दिशेला जातात. सिंहाचा वाटा हा शब्दप्रयोग तर थेट इसापाच्या गोष्टीतून दोन्ही भाषांत आला, पण मराठीत तो बहुतेक वेळा गौरवाने वापरतात, जसे की संस्थेच्या उभारणीत कोणाचा तरी सिंहाचा वाटा असतो. इंग्रजीत 'लायन्स शेअर' कामाचाही असू शकतो, परंतु पुष्कळदा तो पदरात पाडून घेतलेला वाटा असतो, नफ्यातला किंवा निधीतला. एखाद्या भागीदाराने नफ्याचा 'लायन्स शेअर' घेतला असे वाचले, तर त्यात कौतुक शोधू नये. 'इन द सेम बोट' याचे भाषांतर काही जण एकाच माळेचे मणी असे करतात, तेही चुकीचे आहे. एका नावेतले लोक समदुःखी असतात, तर एका माळेचे मणी सारखेच वाईट ठरवले जातात. ज्येष्ठ सहकाऱ्याने 'वी आर ऑल इन द सेम बोट' असे म्हटले, तर तो धीर देत असतो.

तिसरी पायरी: प्रतिमा कुठल्या जगातली आहे हे पाहणे

अनोळखी वाक्प्रचार आला, तर त्यातले शब्द कोणत्या व्यवसायातले, खेळातले किंवा ग्रंथातले आहेत असे स्वतःला विचारावे. पुष्कळदा अर्थाचे दार तिथेच उघडते.

क्रिकेटमुळे आपल्याला ब्रिटिश इंग्रजीचा मोठा भाग जवळजवळ फुकट मिळतो. 'ऑन द बॅक फुट' म्हणजे बचावाच्या पवित्र्यात, हे सांगावेच लागत नाही, कारण मराठी वृत्तपत्रांत सरकार आणि विरोधक आलटून पालटून बॅकफूटवर जात असतात. 'क्लोज ऑफ प्ले' म्हणजे दिवसाचा खेळ संपण्याची वेळ, म्हणून 'सेंड इट बाय क्लोज ऑफ प्ले' म्हणजे आज कामाची वेळ संपण्याच्या आत पाठवा. 'ऑफ वन्स ओन बॅट' म्हणजे दुसऱ्याने न सांगता, स्वतःच्या पुढाकाराने. 'ऑन अ स्टिकी विकेट' हा शब्दप्रयोग खेळपट्ट्या उघड्या असत त्या काळचा आहे. पावसाने भिजलेली खेळपट्टी उन्हात सुकू लागली, की चेंडू कधी उसळे, कधी खाली राही आणि फलंदाजाचे काही चालेनासे होई. त्यावरून 'स्टिकी विकेट'वर असणे म्हणजे निसरड्या, बिकट परिस्थितीत सापडणे.

अमेरिकी सहकाऱ्यांच्या बोलण्यात क्रिकेटची जागा बेसबॉल घेतो, आणि तिथे आपल्याला त्या खेळाची तोंडओळख करून घेणे भाग आहे. 'बॉलपार्क' म्हणजे बेसबॉलचे मैदान, त्यामुळे 'गिव्ह मी अ बॉलपार्क फिगर' असे सांगणाऱ्याला नेमका आकडा नको असतो, अदमासे चालतो. अशा वेळी दोन दिवस खपून पै-पैचा हिशेब करणाऱ्या नवख्याचे श्रम वाया जातात. 'कर्व्हबॉल' म्हणजे वळण घेऊन येणारा चेंडू, म्हणून अनपेक्षित अडचण किंवा प्रश्न. 'स्टेप अप टू द प्लेट' यातली प्लेट जेवणाची नसून फलंदाज जिच्यापाशी उभा राहतो ती मैदानावरची खूण आहे, आणि अर्थ आहे जबाबदारी अंगावर घेणे. 'टच बेस' म्हणजे कामाबद्दल थोडक्यात बोलून घेणे. 'कॅन आय टेक अ रेन चेक?' हा तर सभ्य नकाराचा सुंदर नमुना आहे. पावसामुळे सामना होऊ शकला नाही, तर प्रेक्षकांना पुढच्या सामन्याला येण्याची सोय चिठ्ठीने करून देत असत. त्यावरून, आज जमणार नाही पण पुन्हा कधीतरी नक्की, असे सांगण्यासाठी हे शब्द वापरतात.

इंग्लंड हे दर्यावर्दी राष्ट्र असल्यामुळे भाषेत जहाजेही पुष्कळ आहेत. 'शो समवन द रोप्स' म्हणजे नव्या माणसाला कामाच्या खाचाखोचा दाखवणे. जहाजावर नव्याने आलेल्या खलाशाला आधी दोर ओळखावे लागत. 'ऑल हँड्स ऑन डेक' म्हणजे सगळ्यांनी कामाला लागण्याची वेळ. 'गो द एक्स्ट्रा माइल' आणि 'द रायटिंग ऑन द वॉल' ही बायबलची देणगी आहे. पहिल्याचा अर्थ अपेक्षेपेक्षा अधिक करणे, आणि दुसऱ्याचा, येऊ घातलेल्या अनर्थाची स्पष्ट चिन्हे दिसणे. हा दुसरा वाक्प्रचार दानिएलच्या ग्रंथातील बॅबिलोनच्या राजवाड्याच्या भिंतीवर उमटलेल्या अक्षरांच्या कथेतून आला आहे.

आणि एक वाक्प्रचार चक्क नाशिकजवळचा आहे. ब्रिटिश माणूस एखाद्याला वेड लागले असे गमतीने सांगताना 'ही हॅज गॉन डूलॅली' असे म्हणतो. डूलॅली म्हणजे आपली देवळाली. तिथे ब्रिटिश सैन्याची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे महिनोन्महिने राहत. रिकामपण, उकाडा आणि हिवताप यांनी कित्येकांचे डोके ठिकाणावर राहत नसे. पूर्वी 'डूलॅली टॅप' असे पूर्ण रूप होते आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. लंडनमधले सहकारी हा शब्द सहज वापरतात आणि त्यांच्यापैकी अनेकांना त्याचे गाव माहीत नसते. ओळख वाढवायला हा विषय फार चांगला आहे.

मात्र व्युत्पत्तीच्या सगळ्याच कथांवर विश्वास ठेवू नये. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' याबद्दल, गवताच्या छपरात झोपलेली मांजरे-कुत्री पावसात खाली घसरत, अशी गोष्ट सर्वत्र फिरत असते. तिला आधार नाही. गोष्ट लक्षात ठेवायला मदत करत असेल तर ठेवावी, पण इतिहास म्हणून दुसऱ्याला सांगू नये.

चौथी पायरी: न लाजता विचारणे

अंदाज लागला नाही किंवा अंदाजावर काम अवलंबून आहे, तर विचारावे. विचारण्याची एक रीत मला विशेष उपयोगी वाटते. 'मला कळले नाही' एवढेच म्हणण्यापेक्षा आपला अंदाज साध्या शब्दांत मांडून खात्री करून घ्यावी. 'प्ले इट बाय इअर' ऐकल्यावर 'सो वी डिसाइड आफ्टर द क्लायंट रिप्लाइज, राइट?' असे विचारले, तर अंदाज बरोबर असल्यास काम पुढे जाते, चुकीचा असल्यास तिथल्या तिथे दुरुस्त होतो, आणि दोन्ही वेळा बैठकीत लक्ष देणारा माणूस म्हणून आपली नोंद होते. मी कनिष्ठांना नेहमी सांगतो, की डोलावलेली मान नंतर महागात पडते, विचारलेला प्रश्न कधीच पडत नाही. वेगळ्या देशातल्या सहकाऱ्यांनाही एकमेकांचे वाक्प्रचार कळत नाहीत. 'स्टिकी विकेट' ऐकून अमेरिकी माणूस आपल्याइतकाच गोंधळतो, किंबहुना आपल्याहून अधिक.

पाचवी पायरी: शब्दकोश आणि वही

शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला कोश घ्यावा, मग तो ऑक्सफर्डचा असो वा केंब्रिजचा, कारण त्यात अर्थाबरोबर तो वाक्प्रचार अनौपचारिक आहे, जुनाट झाला आहे, ब्रिटिश आहे की अमेरिकी, कोणाला अपमानास्पद वाटू शकतो का, अशा खुणा दिलेल्या असतात. नवखे लोक अर्थ वाचून पान उलटतात. खरे तर अर्थ संदर्भाने पुष्कळदा कळतोच, खुणा मात्र कोशाशिवाय कळत नाहीत. छापील कोशात वाक्प्रचार बहुधा त्यातल्या पहिल्या महत्त्वाच्या शब्दाखाली सापडतो, म्हणून 'रिंग अ बेल' शोधताना आधी 'रिंग' पाहावे, मग 'बेल'.

वहीत नुसता शब्द आणि अर्थ लिहू नये. ऐकलेले पूर्ण वाक्य, ते कोणी कोणाला म्हटले, कोणत्या प्रसंगी म्हटले आणि आपण मराठीत त्या जागी काय म्हटले असते, एवढे लिहावे. उदाहरणार्थ: 'द पेनी ड्रॉप्ड'. इंग्लंडमधल्या सहकारी बाईंनी स्वतःबद्दल म्हटले, अर्धा तास आकडेवारी समजत नव्हती आणि मग एकदम समजली तेव्हा. मराठीत: डोक्यात प्रकाश पडला. नाण्यावर चालणाऱ्या यंत्रात नाणे अडकून राहावे आणि मग खाली पडून यंत्र सुरू व्हावे, ही त्यामागची प्रतिमा. अशा नोंदी आठवड्याला तीन-चार झाल्या तरी पुरेत.

या कामात आपल्याला एक जुना आदर्श आहे. मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने कँडी बंधूंच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश रचला आणि तो १८३१ साली प्रसिद्ध झाला. त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. त्यात हात, पाय, डोळा अशा शब्दांखाली मराठी वाक्प्रचारांच्या लांबच लांब नोंदी आहेत. परक्या भाषेतले वाक्प्रचार ऐकून, विचारून, टिपून ठेवण्याचे काम त्याने आपल्या भाषेपुरते केले. आपल्याला तेच उलट दिशेने आणि अगदी लहान प्रमाणावर करायचे आहे.

सहावी पायरी: रूप जसेच्या तसे ठेवणे

वाक्प्रचारात काय बदलते आणि काय बदलत नाही, हे लिहिण्याआधी पाहून घ्यावे. क्रियापदाचा काळ बदलतो आणि मालकीदर्शक शब्द माणसागणिक बदलतो: 'पुलिंग माय लेग', 'पुल्ड हिज लेग'. नामे मात्र हलत नाहीत. पाय दोन असले तरी 'पुलिंग माय लेग्ज' होत नाही आणि कामे तीन असली तरी ती 'पीसेस ऑफ केक' होत नाहीत.

आपली खरी अडचण 'अ' आणि 'द' यांची आहे, कारण मराठीत त्यांना समांतर काही नाही आणि आपण ती सहज गाळतो. वाक्प्रचारात ती गाळली, तर कधी वाक्य ओबडधोबड होते आणि कधी अर्थच पालटतो. 'आउट ऑफ द क्वेश्चन' म्हणजे अशक्य, विचारही करता येणार नाही असे. त्यातला 'द' काढला, तर जुन्या इंग्रजीत निःसंशय असा अर्थ उरतो. रजेच्या अर्जावर आलेल्या उत्तरात हा फरक किती मोठा ठरेल, याची कल्पना करता येईल. म्हणून वाक्प्रचार वहीत लिहिताना 'अ' आणि 'द' यांच्याभोवती वर्तुळ करण्याची सवय मी अनेकांना लावली आहे.

उलट बाजूची चूक म्हणजे मराठी वाक्प्रचार इंग्रजी शब्दांत ओतणे. 'डोंट ईट माय हेड' हे वाक्य पुण्यात सगळ्यांना कळते, मँचेस्टरमध्ये कोणालाही कळत नाही. त्याच्याच शेजारी आपली काही भारतीय इंग्रजी रूपे येतात. 'डू द नीडफुल' बाहेर जुन्या काळातले वाटते, 'आउट ऑफ स्टेशन' ऐकून रेल्वे स्थानक डोळ्यांपुढे येते, आणि 'आय पास्ड आउट इन २०१९' असे सांगितले, तर पदवी मिळाली असे न समजता त्या वर्षी आपल्याला मूर्च्छा आली असे ऐकणाऱ्याला वाटते. भारतात ही रूपे चुकीची मानण्याचे कारण नाही, ती इथल्या इंग्रजीचा भाग आहेत. देशाबाहेर लिहिताना मात्र बदलावीत.

सातवी पायरी: थोडे आणि योग्य ठिकाणी वापरणे

पहिल्या वर्षी आठ-दहा वाक्प्रचार पुरतात, आणि ते कोणालाही न दुखावणारे, सर्व देशांत समजणारे असावेत. 'ऑन द सेम पेज' म्हणजे आपले एकमत आहे किंवा आपल्याला सारखीच माहिती आहे. 'कीप मी इन द लूप' म्हणजे मलाही कळवत राहा. 'बॅक टू स्क्वेअर वन' म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. 'अप इन द एअर' म्हणजे अजून ठरायचे आहे. 'दॅट रिंग्ज अ बेल' म्हणजे ऐकल्यासारखे वाटते. 'इन द पाइपलाइन' म्हणजे काम मार्गी लागले आहे, हाती यायचे आहे. 'लेट्स कॉल इट अ डे' म्हणजे आजच्यापुरते थांबू. 'अंडर द वेदर' म्हणजे प्रकृती जरा बरी नाही. यातला 'जरा' हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्दी-तापाला हे शब्द चालतात, पण गंभीर आजारी माणसाबद्दल ते वापरले तर आपण आजार हलक्यात घेतला असे होते.

वापरताना सर्वांत मोठी चूक अर्थाची नसते, ती पातळीची असते. आपण वडीलधाऱ्यांच्या मृत्यूबद्दल 'निधन झाले' म्हणतो, 'देवाज्ञा झाली' म्हणतो, पण 'खपले' म्हणत नाही, जरी तिन्हींचा अर्थ एकच असला. 'किक द बकेट' हे त्या तिसऱ्या पातळीवरचे आहे. सहकाऱ्याच्या वडिलांच्या निधनानंतर सांत्वनाच्या पत्रात ते लिहिले गेले, तर व्याकरण निर्दोष असूनही ते पत्र क्षमा करण्याजोगे राहत नाही. तिथे 'पास्ड अवे' लिहावे. 'ब्रेक अ लेग' ही शुभेच्छा रंगमंचावर जाणाऱ्यासाठी आहे, शस्त्रक्रियेला जाणाऱ्यासाठी नाही. 'सोल्ड डाउन द रिव्हर' म्हणजे दगा दिला जाणे, पण त्यामागे अमेरिकेत गुलामांना मिसिसिपीच्या खालच्या अंगाच्या मळ्यांवर विकून टाकण्याचा इतिहास आहे, म्हणून तो न वापरणेच माणुसकीला धरून आहे.

शाळेत शिकवलेले 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' चूक नाही, पण आज इंग्रजी मातृभाषा असलेली माणसे मुसळधार पावसाला बहुधा साधे 'इट्स पोअरिंग' म्हणतात. 'थिंक आउटसाइड द बॉक्स' इतके झिजले आहे, की ते वापरणाऱ्याने स्वतः काही वेगळा विचार केला आहे असे वाटत नाही. एकाच निरोपात तीन-चार वाक्प्रचार कोंबले, तर वाचणाऱ्याला मजकुरापेक्षा सजावट दिसते. एका पानाला एक पुरे.

आठवी पायरी: देश बदलला की पुन्हा तपासणे

तोच शब्द ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत वेगळे बोलू शकतो. मिठाच्या वाक्प्रचारातला फरक निरुपद्रवी आहे: ब्रिटिश माणूस एखादी गोष्ट चिमूटभर मिठासह घेतो, अमेरिकी माणूस कणभर मिठासह, आणि दोघांचेही म्हणणे तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये हेच असते. 'टेबल' या शब्दाचे तसे नाही. ब्रिटनमध्ये आणि भारतातही विषय 'टेबल' करणे म्हणजे तो चर्चेसाठी मांडणे, तर अमेरिकेत तो बाजूला ठेवणे, पुढे ढकलणे. चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात याचे उदाहरण नोंदवून ठेवले आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक कागद 'टेबल' करायचा होता, म्हणजे तातडीने चर्चेला घ्यायचा होता. अमेरिकी अधिकारी त्याला विरोध करत राहिले, कारण त्यांना तो पुढे ढकलायचा नव्हता. बराच वेळ वाद झाल्यावर दोन्ही बाजूंना एकच गोष्ट हवी आहे हे लक्षात आले.

महायुद्ध चालवणाऱ्यांची ही स्थिती असेल, तर तीन देशांत विखुरलेल्या आपल्या कामात किती जपायला हवे, हे उघड आहे. म्हणून रक्कम, मुदत, औषधाची मात्रा, करारातील अट किंवा सुरक्षेची सूचना लिहिताना वाक्प्रचार अजिबात वापरू नये. 'क्लोज ऑफ प्ले' न लिहिता 'शुक्रवार, सायंकाळी ६, भारतीय प्रमाणवेळ' असे इंग्रजीत लिहावे, 'बॉलपार्क फिगर' न मागता 'दहा टक्के इकडे-तिकडे चालेल' असे सांगावे, आणि निरोप पाठवण्याआधी तो एकदा, इंग्रजी ही ज्याची तिसरी भाषा आहे अशा सहकाऱ्याच्या डोळ्यांनी वाचून पाहावा.